भानुदासरावांची विहीर आणि माझे आकडे

फोनवर भानुदासरावांचं नाव दिसलं म्हणून मी नेहमीसारखाच म्हणालो, "बोला, विहीरमालक." पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा आवाज आला. "भावजी, त्ये गेले. दुपारी जेवून आडवे झाले, उठलेच न्हाईत. तुमी या." एवढंच. मी हो म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात जे आधी आलं ते मित्र गेल्याचं दुःख नव्हतं. वहिनी माझ्याशी बोलल्या, हे आधी आलं. तीन वर्षं आणि दोन महिने त्यांनी माझ्याशी एक शब्द बोलणं टाळलं होतं. आणि टाळण्यासारखंच मी केलं होतं.

याला आता सात आठवडे झाले. भानुदासराव चौसष्ट वर्षांचे होते, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. निमगाव केतकीच्या शिवारात त्यांचं अडीच एकर रान, त्यात डाळिंब, वांगी, थोडी मेथी-कोथिंबीर. आमची ओळख तीस वर्षांची. मी सरकारी मोजणी खात्यात नुकताच लागलो होतो आणि त्यांच्या बांधाची मोजणी माझ्याकडे आली होती. शेजाऱ्याचं म्हणणं, विहीर माझ्या हद्दीत येते. मी टेप धरून उभा, आणि हे गडी बांधावर बसून तंबाखू मळत मला म्हणतात, "सायेब, टेप थोडी वडा की आमच्याकडं. रबराची न्हाय व्हय?" मी कोरडेपणाने सांगितलं की टेप पोलादी आहे आणि ती कुणाकडेच ओढली जात नाही. विहीर त्यांच्या हद्दीत तीन फूट आत निघाली. शेजारी पाय आपटत गेला. भानुदासराव मात्र हसले नाहीत, उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तीन फूट म्हंजे लई न्हाय. पर माजीच हाय, ह्ये कुनीतरी लिवून दिलं पायजे व्हतं." त्या वाक्याचा अर्थ मला कितीतरी वर्षांनी, ती विहीर कशी खोदली हे ऐकल्यावर कळला.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी माल विकून झाला की ते बारामतीत माझ्या घरी यायचे. चपला दाराबाहेर काढायच्या, माझ्या बायकोला "ताई, चार वांगी ऱ्हायली व्हती, म्हनलं टाकून देन्यापरीस तुमास्नी द्यावी" असं म्हणत सगळ्यात ताजी वांगी द्यायची, चहा घ्यायचा, पाचची एसटी पकडायची. बोलणं बेताचंच. मला माणसांपेक्षा आकडे बरे वाटतात, आणि त्यांना ते माहीत होतं. "तुमी दिवसाला किती शब्द बोलता त्ये पन लिवून ठिवत असाल," म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात त्यांनी मला विहिरीची गोष्ट सांगितली. लागोपाठ चौदा रविवार ते आले. मोजणीच्या दोन वह्या भरल्या माझ्या. गोष्ट अशी: लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांनी त्या कोरड्या रानात विहीर खोदायला घेतली. पहार, सुरुंग आणि दोघं नवरा-बायको. ते खाली खोदणार, वहिनी मुरमाच्या पाट्या वाहणार. वीस फूट झाले, तीस झाले, पाणी नाही. पस्तीस फुटांवर कातळ. तेव्हा त्यांच्या आईने म्हणायला सुरुवात केली की सुनेचा पायगुण वाईट, ही विहिरीवर येते म्हणून पाणी लागत नाही. आधी घरात, मग ओट्यावर, मग पाणवठ्यावर. सारा गाव म्हणू लागला. आणि भानुदासराव गप्प राहिले. एक दिवस वहिनींनी नवऱ्याकडे बघत विचारलं, "तुमास्नी बी तसंच वाटतं का?" ते खाली मान घालून पहारीला धार लावत बसले... वहिनी त्याच दिवशी पिंपळीला माहेरी निघून गेल्या. अकरा महिने आल्या नाहीत. आणि त्या तिकडे असतानाच, बेचाळीस फुटांवर, पाणी लागलं.

"आई सगळ्या गावाला सांगत सुटली," ते म्हणाले होते, "बगा, गेली आनि पानी लागलं." एवढं सांगून त्यांनी कपातला गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "ह्ये लिवा सायेब तुमी. मी गप्प ऱ्हायलो त्ये लिवा. मला तिच्याम्होरं बोलाया जमलं न्हाय कंदी. पुस्तकात असंल तर वाचंल ती."

मी याआधी कचेरीतल्या टिपणांपलीकडे काही लिहिलेलं नव्हतं. पण दीड वर्ष लागलं आणि कादंबरी झाली. पानं एकशे चौऱ्याऐंशी. कुणी प्रकाशक घेईना तेव्हा मीच प्रकाशक झालो. बारामतीत एका छोट्या छापखान्यात तीनशे प्रती छापल्या. कादंबरीचं नाव इथे देत नाही, ते कुणी शोधावं अशी आता इच्छाही नाही. नावं सगळी बदलली. गावाचं, माणसांचं, ओढ्याचंसुद्धा. नावं खोटी लिहिताना माझा हात एकदाही अडला नाही. पण आकडे... आकडा खोटा लिहायला माझा हात उठेना. विहिरीची खोली मी स्वतः टेप सोडून मोजून आलो होतो. भानुदासराव काठावर उभे राहून म्हणाले होते, "आता माज्यावर इस्वास न्हाय व्हय?" बेचाळीस फूट भरली. उतरायच्या पायऱ्या सतरा. डाळिंबाची झाडं सहाशे चाळीस. बांधावरच्या बाभळीपासून विहिरीचं अंतर एकवीस पावलं. सगळं जसंच्या तसं छापलं. मला वाटलं, हा माझा प्रामाणिकपणा.

गावातल्या शाळेच्या सभागृहात प्रकाशन झालं. साठेक माणसं. भानुदासराव सगळ्यात मागे बसले होते. आठवडाभरात गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला रस्त्यात गाठून पाठीवर थाप मारली. "नावं तुमी बदलली हो, पर हीर तर तीच हाय की! सतरा पायऱ्यांची दुसरी हीर दाखवा बरं तालुक्यात." ते कौतुकानेच म्हणत होते. मी मात्र घरी येऊन उरलेल्या प्रती खाटेखाली ढकलल्या.

वहिनींना पुस्तकाचा पत्ताही नव्हता. नवऱ्याने योग्य वेळ बघून देऊ म्हणून ते ज्वारीच्या कणगीमागे ठेवलं होतं. त्यांना ते कळलं बाजारात. मिरच्या घेताना एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं सुनंदे, पानी लागाया बाईला घराभायेर जावं लागतं म्हनं!" चारदोन बायका हसल्या. पस्तीस वर्षांपूर्वीचा टोमणा. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती, गाव विसरला होता, ज्या पोरींना तो कधी माहीतच नव्हता त्यांनाही आता माहीत झाला. माझ्यामुळे. वहिनी रिकामी पिशवी घेऊन घरी आल्या. नवऱ्याकडून पुस्तक मागून घेतलं, दोन दिवसांत वाचलं आणि पत्र्याच्या पेटीत टाकलं. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. बाजाराला जाणं बंद, बचत गटाच्या बैठकीला जाणं बंद. मी घरी गेलो तर चहा यायचा, पण भानुदासरावांच्या हातून.

भानुदासराव चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "सायेब, पेन घ्या. जेवढी पुस्तकं गावात ग्येली तेवढी गोळा करू. हीर बदलू." मी म्हणालो, अहो, आता काय उपयोग? म्हणाले, "उपेग न्हाय त्ये मला बी कळतं. पर काय तरी कराया नगं का?" मग चार महिने आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून फिरलो. तीनशेपैकी एकशे अठरा माझ्या खाटेखाली होत्या. बाहेर गेलेल्या एकशे ब्याऐंशी. यादी माझ्याकडे होती, अर्थातच. दारोदार जाऊन पुस्तक मागायचं, बसून पेनने खाडाखोड करायची. बेचाळीसचे साठ. सतराच्या एकवीस. बाभळीचं लिंब. लोणी भापकरला एका पाहुण्याने विचारलं, "चुकलंय काय एवढं?" भानुदासराव शांतपणे म्हणाले, "छापताना हीर उथळ झाली. खोल कराया आलोय." परत येताना गाडीवर मला म्हणतात, "आयुष्यात कुनाचा बांध इतभर सरकवला न्हाय तुमी, आनि माजी हीर अठरा फूट खाली न्हेली." मला हसू आलं नाही. मोजणीच्या नोकरीत एवढी वर्षं मी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. त्या चार महिन्यांत शेकड्यांनी लिहिले. एकशे एकतीस प्रती दुरुस्त झाल्या, एक्कावन्न सापडल्याच नाहीत. आणि ज्यांच्या प्रती दुरुस्त झाल्या त्यांना पहिला आकडा पाठच होता.

थकून गेलो होतो आम्ही दोघंही. नंतर त्या विषयावर आम्ही बोलणं सोडलं. तो आमच्यामध्ये बसलेला असायचा, चहाच्या कपांच्या मध्ये. जाण्याआधी तीनेक आठवडे ते शेवटचे आले तेव्हा दम लागत होता. दोन पायऱ्या चढून थांबले. मी डॉक्टरांचं विचारलं तर हात झटकला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "चूक तुमची न्हाय सायेब. मी सांगितलं, तुमी लिवलं. पर एक इचारू? तिला कंदी इचारलं का आपन?" मी काही म्हणायच्या आत ते जिना उतरू लागले होते.

तेराव्यानंतर पंधरवड्याने वहिनींचा दुसरा फोन आला. "येऊन जावा एकदा." मी एसटीने गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या, समोर ते पुस्तक. दुरुस्त केलेली प्रत. भानुदासरावांनी घरातल्या प्रतीतही खाडाखोड केली होती, हे मला तेव्हाच कळलं. मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. या वेळी स्वतःच्या हाताने.

"भावजी, तुमी आमच्या बांधाची मोजनी केली तवा चारी अंगाच्या लोकास्नी नोटीस दिली व्हती," त्या म्हणाल्या. "आठवतंय?"

मी मान हलवली. मोजणीचा तो नियमच आहे. ज्याची जमीन मोजायची त्याच्या लगतच्या प्रत्येकाला आधी कळवायचं. त्याने यावं, उभं राहावं, त्याचं म्हणणं सांगावं. नोटीस न देता केलेली मोजणी कागदावर कितीही बिनचूक असली तरी टिकत नाही.

"मला दिली न्हाय," त्या म्हणाल्या.

चौदा रविवार मी एका माणसाचं ऐकलं. विहिरीत टेप सोडली, झाडं मोजली, पावलं मोजली. त्या विहिरीतून मुरमाच्या पाट्या ज्यांनी वाहिल्या त्या मी मोजायला जायचो तेव्हा आतल्या खोलीत असायच्या, आणि मी त्यांना एकदाही काही विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यावर एकशे चौऱ्याऐंशी पानं लिहिली. मी एवढंच म्हणालो, "चुकलं माझं, वहिनी."

"त्ये झालंच. पर लिवलंय त्ये बी खरं न्हाय." त्यांनी पुस्तक उघडलं. शेवटच्या प्रकरणात माझी नायिका पाणी लागल्याची बातमी ऐकते, डोळे पुसते, नवऱ्याला क्षमा करते आणि त्याच्या मागोमाग सासरी येते. त्यांनी त्या पानावर बोट ठेवलं. "असं झालंच न्हाय. त्येंनी तुमास्नी सांगितलं न्हाय का, दर गुरवारी पिंपळीला यायचे त्ये?"

नव्हतं सांगितलं. मग वहिनींनी सांगितलं. बारामतीचा बाजार करून परत जाताना भानुदासराव पिंपळीला उतरायचे. सासऱ्यांच्या ओसरीवर बसायचे. आत यायचे नाहीत, बोलायचे नाहीत. वहिनी पाणी आणून द्यायच्या. ते पिऊन झालं की खाली बघून म्हणायचे, "न्हाय लागलं." विहिरीला पाणी नाही लागलं. तेवढं सांगून पुढची गाडी धरायची. त्यांच्या आईला याचा पत्ता नव्हता.

"अकरा महिने?" मी विचारलं. माझ्या डोक्यात सवयीने हिशेब सुरू झाला होता. "म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गुरुवार."

"सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "दोनदा एश्टी बंद व्हती."

आणि शेवटच्या गुरुवारी आले ते ओसरीवर बसलेच नाहीत. अंगणात उभे राहून रडायला लागले. वहिनींचे वडील घाबरले, घरात कुणी गेलं की काय. तेव्हा भानुदासराव म्हणाले, "लागलं. पर आता आई म्हनंल, तू गेलीस म्हनून लागलं. मी काय करू?" वहिनी हे सांगताना थोड्या हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "मी म्हनलं, थांबा, पिशवी भरती. मी येती. येऊन हिरीवर उभी ऱ्हाती. मग बगू आटती का."

"आणि?"

"आनि काय! पस्तीस वर्सं झाली की. आटली का?"

मी विहिरीकडे बघितलं. ओट्यावरून काठ दिसत होता. माझ्या पुस्तकात डोळे पुसत मागोमाग येणारी ती बाई आणि समोर बसलेल्या या बाई... मी ज्याला क्षमा म्हटलं होतं ते आव्हान होतं. सासूला, गावाला, विहिरीला. भानुदासरावांनी मला फक्त स्वतःचा गुन्हा सांगितला. सेहेचाळीस वेळा गेले ते सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल. किंवा तो भाग त्यांचा एकट्याचा नव्हता म्हणून त्यांनी तो ठेवला असेल, जिचा होता तिने सांगावा म्हणून. आता त्यांना विचारता येणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "त्या बाजारातल्या बाईनं अर्धंच वाचलं असनार. तिला पुरतं कळू द्या. लिवायचं तर आता ह्ये लिवा. पर आदी मला वाचून दाखवा."

म्हणून हा लेख मी छापायला देण्याआधी निमगावला नेला. त्यांच्या ओट्यावर बसून सावकाश वाचला. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. दोन ठिकाणी त्यांनी मला थांबवलं. एका ठिकाणी मी त्यांच्या सासूबद्दल एक वाक्य लिहिलं होतं, ते काढायला लावलं. "गेलेल्या मानसाला आता कशाला? तिला बी तिच्या सासूनं असंच म्हनलं व्हतं." दुसऱ्या ठिकाणी मी विहिरीच्या खोलीचा आकडा गाळला होता, त्याच आकड्याने आधी घात केला होता म्हणून. त्या म्हणाल्या, "बेचाळीस लिवा. त्येंनी बेचाळीसच खांदली. साठ फूट खांदायला त्येंच्यात दम कुठं व्हता?" मी तिथेच पेन काढून आकडा लिहिला.

दिवस कलायला आला तशा त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "बसा, आलेच." विहिरीकडे गेल्या. काठाशी वाकून खाली बघितलं आणि परत येऊन सांगितलं की रोज या वेळेला भानुदासराव रानातून येताना विहिरीत डोकावायचे, आणि दाराशी आले की चपला काढायच्या आत घरात ऐकू जाईल असं म्हणायचे, "हाय." म्हणजे पाणी आहे. लग्नातला पहिला काळ सोडला तर पस्तीस वर्षं. पावसाळ्यात तुडुंब भरलेली असली तरी आणि चैत्रात तळाला गेलेली असली तरी, तेवढा एकच शब्द. आत चुलीपाशी वहिनी ऐकायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. "आता कोन सांगनार? म्हनून मीच बगून येती."

हा शेवटचा भाग मी त्यांना नंतर फोनवर वाचून दाखवला. त्यांनी तो राहू द्या म्हटलं. त्या दिवशी मी पिशवी उचलून निघालो, तेव्हा त्या उंबऱ्यापाशी पोचल्या होत्या. आत घरात कुणी नव्हतं. त्यांनी चपला काढल्या आणि आतल्या खोलीच्या दिशेने, मोठ्याने म्हटलं, "हाय."